माळ्यावरचा सर्व्हर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे काय उद्योग चालले होते असं दोघातिघांनी फोन करून विचारलं. उद्योग खरंच चालू होता. गुलमंडीतल्या आमच्या घराच्या माळ्यावर, जुन्या पितळी भांड्यांच्या पेटीवर, एक लॅपटॉप रात्रंदिवस चालू असतो. त्याच्यावर आमच्या घरच्या माणसांपुरता चॅट सर्व्हर आहे. म्हणजे पुण्याच्या सूनबाईंनी नांदेडच्या लेकीला निरोप धाडला, की तो आधी आमच्या माळ्यावर येतो आणि मग नांदेडला जातो. सुपारी हनुमानाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर हे सगळं चालतं, हे आठवलं की माझं मलाच हसू येतं.

मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, जन्मभर खडूने लिहिलेल्या माणसाला ही दुर्बुद्धी का सुचली, ते आधी सांगतो.

आमची ही २०१९ मध्ये गेली. तिचा फोन मी कपाटात ठेवला होता. दीड वर्षाने तो चालू होईना म्हणून दुरुस्तीला दिला. दुकानातल्या पोराने फोन चालू करून दिला, पण कोरा. "काका, रीसेट मारावा लागला," म्हणाला. त्याची चूक नाही, मीच काही सांगितलं नव्हतं. हिने लेकीला वर्षानुवर्षं लिहिलेले निरोप त्यात होते. भाज्या, मसाले, कुणाकुणाची लग्नं, आणि माझ्याबद्दलच्या तक्रारी. लेकीकडे तरी असतील म्हटलं, तर तिचाही फोन मधे बदललेला, आणि बॅकअप नावाची गोष्ट तिने कधी केलेली नाही.

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागला. आपण इतकं बोलतो आणि ते कुणाच्या तरी ओट्यावर ठेवून येतो. २००३-०४ साली धाकटा परदेशी होता, तेव्हा औरंगपुऱ्यातल्या नेट कॅफेत जाऊन आम्ही याहू मेसेंजरवर बोलायचो, तासाचे पैसे देऊन. ते याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये बंद झालं. ऑर्कुटवर भाचरांनी मला ओढून नेलं होतं, ते सप्टेंबर २०१४ मध्ये गेलं. गुगल टॉक २००५ मध्ये आलं आणि २०२२ मध्ये तेही गेलं. दर वेळी बिऱ्हाड हलवायचं आणि दर वेळी थोडं सामान मागे राहायचं.

नातू इंजिनिअरिंगला आहे. त्याच्यापाशी हे रडगाणं गायलो, तर म्हणाला, "आजोबा, मग स्वतःचाच सर्व्हर टाका ना." तो गंमतीत म्हणाला असावा. मी मनावर घेतलं. असो.

लॅपटॉप त्याचाच, टाकून दिलेला. चार जीबी मेमरी, दोन कळा निखळलेल्या. पण याचा एक मोठा गुण असा, की लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, म्हणजे वीज गेली तरी तास-दीड तास तो उभा राहतो. वेगळा यूपीएस नको. अर्थात राउटरला बॅटरी नव्हती हे पहिल्यांदा वीज गेली तेव्हा कळलं. ती मग वेगळी आणली.

त्यावर डेबियन लिनक्स घातलं, बारावी आवृत्ती. हे डेबियन १९९३ मध्ये इयान मर्डॉक नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलं, आणि नाव ठेवलं ते मैत्रिणीचं डेब्रा आणि स्वतःचं इयान जोडून. जगभरची माणसं हौसेने ते चालवतात आणि ते चकटफू मिळतं. बसवताना भाषांच्या यादीत चक्क मराठी दिसली! कुणीतरी बसून ती एकेक ओळ मराठीत आणली असणार. मी लगेच मराठी निवडली. सगळं सुरळीत झालं. पण पुढे काळ्या पडद्यावर, जिथे हुकूम टाइप करायचे असतात तिथे, मराठी अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी. त्या पडद्याला देवनागरी मांडता येत नाही. निमूटपणे सगळं पुन्हा इंग्रजीत बसवलं. ही चौकटींची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चॅटसाठी जी पद्धत वापरली तिचं नाव एक्सएमपीपी. मूळ नाव जॅबर. जेरेमी मिलर या अमेरिकन तरुणाने १९९९ च्या जानेवारीत ते जगापुढे मांडलं. ईमेलसारखीच कल्पना आहे, प्रत्येकाने आपापला सर्व्हर चालवायचा आणि सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायचं. गुगल टॉकही सुरुवातीला हीच भाषा बोलायचं. व्हॉट्सअॅपचा पायादेखील याच पद्धतीच्या एका फुकट मिळणाऱ्या सर्व्हरवर घातला गेला होता, हे कळल्यावर मला फार मौज वाटली.

आणि मी जो सर्व्हर निवडला त्याचं नाव प्रॉसडी! प्रॉसडी म्हणजे छंदशास्त्र, वृत्तविचार. बी.ए.ला आम्ही रात्र रात्र जागून गण पाडले ते. नातवाने दोनतीन नावं सुचवली होती, पण हे नाव ऐकल्यावर मी बाकीची ऐकलीच नाहीत. त्यात हे छंदशास्त्र ज्या भाषेत लिहिलंय तिचं नाव लुआ. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. ब्राझीलच्या लोकांनी १९९३ मध्ये केलेली भाषा आहे. चंद्राच्या भाषेत लिहिलेलं छंदशास्त्र गुलमंडीत माळ्यावर! याहून जास्त कारण निवडीला लागत नाही.

आता हाल. प्रॉसडीची एक सेटिंगची फाइल असते. तीत अवतरणचिन्हं, स्वल्पविराम, महिरपी कंस जागच्या जागी लागतात. मी ओळी आधी एका दस्तऐवजात नीट लिहून काढल्या आणि तिथून चिकटवल्या. सर्व्हर उठेचना. चार दिवस! कारण काय, तर त्या दस्तऐवजाने सरळ अवतरणचिन्हांची आपोआप छान बाकदार अवतरणचिन्हं करून ठेवली होती. चुकीच्या विरामचिन्हाला अर्धा गुण कापणारा मास्तर मी. या यंत्राने पूर्ण पेपरच परत केला.

मग लॅपटॉपचं झाकण. धूळ बसू नये म्हणून मी झाकण मिटून खाली उतरायचो, आणि सर्व्हर गप्प व्हायचा. वर जाऊन उघडलं की सुरू. मला वाटलं माळ्यावर काहीतरी बाधा आहे. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो एवढंच होतं ते. तसं करू नकोस असं त्याला एका ओळीत सांगता येतं. ती ओळ सापडेपर्यंत मी तो शिडीचा जिना किती वेळा चढलो असेन! (या जिन्याबद्दलही पुढे आहे.)

सगळ्यात अवघड गेलं ते बाहेरून दार उघडणं. घरात वायफायवर सगळं चालत होतं, पुण्याहून मात्र कुणाला येता येईना. इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांकडे पत्त्यांची टंचाई असते. म्हणून त्या अनेक गिऱ्हाइकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. वाड्यात दहा बिऱ्हाडं आणि बाहेर पाटी एकच, तसं. आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरून आलेल्याला कुठल्या बिऱ्हाडात जायचं ते कळत नाही. स्वतःची पाटी हवी असेल तर दरमहा जादा पैसे. ते भरले. मग एक नाव विकत घेतलं, ते या पत्त्याला जोडलं. लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट प्रमाणपत्र घेतलं, जे नव्वद दिवसांनी संपतं आणि आपोआप नवं होतं. राउटरमध्ये ५२२२ नंबरचं दार उघडलं, फोन त्यातून येतात. दुसऱ्या सर्व्हरांसाठीचं ५२६९ नंबरचं बंदच ठेवलं. आपल्याला आपल्या माणसांपुरतंच हवंय.

आमच्या शहरात राहणाऱ्याला हे सगळं पटकन समजतं, कारण नळाला रोज पाणी येईल यावर इथे कुणी विसंबून नसतं. प्रत्येकाची टाकी, प्रत्येकाचा हौद. आणि चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने नहर खोदून डोंगराकडचं पाणी जमिनीखालून नुसत्या उतारावर गावात आणलं होतं, ते पंप वगैरे काही नसताना. पाणचक्कीला गेलात तर आजही तशाच एका नहरीची करामत दिसते. पाणी आपल्या हाती असावं ही इथली जुनी खोड आहे, मी फक्त निरोपांपर्यंत नेली.

२०२४ च्या दिवाळीत सगळे घरी आले तेव्हा मी एकेकाचा फोन हातात घेतला. अँड्रॉइडवाल्यांना कॉन्व्हर्सेशन्स नावाचं अॅप घालून दिलं. ते प्ले स्टोअरवर विकत आहे पण एफ-ड्रॉइडवरून फुकट मिळतं, तर अर्थातच तिथून. धाकट्याकडे आयफोन, त्याला मोनाल. मुलं हसत होती, पण अण्णांची हौस म्हणून बसली बिचारी.

आणि इथे मी एक गोष्ट केली. या अॅपमध्ये ओमेमो नावाचं कुलूप असतं. निरोप पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये बंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनमध्ये उघडतो. मधल्या सर्व्हरला नुसता गिचमिड मजकूर दिसतो. पण त्या कुलपाची अडचण अशी, की नवा फोन घेतला तर त्यावर जुन्या गप्पा उघडत नाहीत. आणि माझा तर सगळा खटाटोपच जुन्या गप्पा राहाव्यात म्हणून! तेव्हा मी सगळ्यांच्या फोनमधलं ते कुलूप काढून टाकलं. "हे नको, उगाच घोळ होतो," एवढंच म्हणालो. शिवाय प्रॉसडी मुळात साठवलेले निरोप एका आठवड्याने पुसून टाकतं. तिथे मी लिहिलं, कधीही पुसू नकोस.

जानेवारीत एका दुपारी मनात आलं, की हे सगळं मराठीत नीट साठतंय ना? काळ्या पडद्यावर तर चौकटी दिसतात. उद्या त्या चौकटीच साठल्या असल्या तर? म्हणून साठवणीतली एक फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली. मराठी उत्तम साठत होतं. वेलांट्या, अनुस्वार, सगळं जागच्या जागी.

सूनबाईंनी लेकीला लिहिलं होतं, की अण्णांना आता तिथे एकटं ठेवणं बरं नाही, तो जिना बघितला की पोटात गोळा येतो, घराचं काय करायचं ते यंदा ठरवायलाच हवं, पण माझं ते ऐकणार नाहीत, ताई तुम्ही बोला. खाली लेकीचं उत्तर होतं. तेही वाचलं. त्याखालचंही वाचलं.

आता तुम्ही म्हणाल, तपासायचंच होतं तर स्वतःच्या नावाची फाइल उघडायची. हो ना. तिथे पाच फाइली होत्या, एक माझी होती. सूनबाईंचीच का उघडली, याचं उत्तर मी स्वतःला बरेच दिवस 'हाताला आली' असं देत होतो. खरं कारण ते नव्हे.

त्या रात्री मला १९८० च्या आसपासचा एक वर्ग आठवला. आठवीतल्या एका मुलीने बाकाखालून चिठ्ठी सरकवली, मी ती पकडली आणि शिस्त लावायची म्हणून वर्गापुढे मोठ्याने वाचली. तीत घरची भांडणं होती. वडील दारू पिऊन काय करतात ते मैत्रिणीला लिहिलेलं. अर्धं वाचल्यावर मला कळलं आणि मी थांबलो, पण वर्गाला कळायचं ते कळलं होतं. मुलगी पुढे आठ-दहा दिवस शाळेत आली नाही. आली तेव्हा मी तिच्याशी काहीच बोललो नाही. काय बोलायचं ते सुचलं नाही म्हणून. आज ती पन्नाशीपुढची असेल.

तीन दिवस गप्प बसलो, चौथ्या दिवशी सूनबाईंना फोन लावला. सांगितलं सगळं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं लाइन कटली.

"अण्णा, अजून काय काय वाचलंत?"

म्हटलं, "एवढंच गं."

"बरं," म्हणाली. आणि फोन ठेवला.

एवढंच वाचलं होतं हे खरं होतं. पण ते तिला पटवून देण्यासारखं माझ्याकडे काहीही नव्हतं. ज्याच्या माळ्यावर सगळ्यांचे निरोप उघडे पडलेत, तो 'वाचले नाहीत' म्हणतो याला काय अर्थ? व्हॉट्सअॅप कंपनीच्या नावाने मी इतकी बोटं मोडली, पण २०१६ पासून निरोपांतला मजकूर त्या कंपनीलाही वाचता येत नाही, तसंच कुलूप त्यांनी सगळ्यांना घालून दिलंय. मला मात्र वाचता येत होता. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला! कंपनीने वाचलं तर फार तर जाहिरात दाखवेल. सासऱ्याने वाचलं तर काय होतं, ते घरातल्या बायका सांगतील.

पुढचे काही महिने सर्व्हर चालू होता, पण त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळे मुकाट्याने व्हॉट्सअॅपवर गेले. कुणी भांडलं नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. प्रमाणपत्र आपोआप नवं होत राहिलं. मी रोज सकाळी वर जाऊन बघायचो, पंखा फिरतोय का. उन्हाळ्यात माळा इतका तापला की लॅपटॉपखाली दोन विटा लावल्या, हवा खेळावी म्हणून. बंद करून टाकावा असं अनेकदा वाटलं.

२०२५ च्या महालक्ष्म्यांना सगळे आले. आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे घरातल्या कुणाला सुट्टी नसते. दुसऱ्या दिवशीचा सोळा भाज्यांचा स्वयंपाक आटोपल्यावर सूनबाई ओसरीवर येऊन बसली, आणि नातवाला म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या त्या सर्व्हरचं काय ते बघू या." माझ्याकडे न बघता.

मग तिने एक प्रश्न विचारला, जो मी आणि माझा इंजिनिअर नातू, दोघांनीही वर्षभरात विचारला नव्हता. "सगळंच कशाला ठेवायचं?"

तिचं म्हणणं असं. घरात ओसरी असते आणि खोल्या असतात. ओसरीवरचं बोलणं सगळ्यांचं, ते ठेवा खुशाल. खोलीतलं कुणी लिहून ठेवत नाही. प्रॉसडीत हे जमतं का? तर सहज जमतं. गटातल्या गप्पांची साठवण आणि दोघांतल्या गप्पांची साठवण यांच्या सेटिंगच्या ओळी वेगवेगळ्या आहेत. त्या संध्याकाळी नातवाने आणि मी 'ओसरी' नावाचा एक गट केला, बिनकुलपाचा, कधीही न पुसला जाणारा. त्याच्या माथ्यावर लिहिलंय की इथलं सगळं राहतं आणि अण्णांना दिसतं. बाकी दोघादोघांतल्या गप्पांना ओमेमोचं कुलूप, आणि आठवड्याने साफ. म्हणजे त्या छंदशास्त्राने मुळात जे सुचवलं होतं तेच. जुनी साठवण सूनबाईंच्या समोर, तिनेच कळ दाबून, पुसली. तीत माझ्या लेकीचे माझ्याशी झालेले तीन महिन्यांचे निरोपही गेले. नातू म्हणाला, एवढे वेगळे काढता येतील. मी म्हटलं, राहू दे.

फोनमधलं कुलूप तिने स्वतः लावलं. मी हात लावला नाही.

जिन्याचा आणि घराचा विषय त्याच रात्री निघाला, तोंडावर. अजून निकालात निघालेला नाही. मी म्हणतो जिन्याला कठडा लावला की झालं, आणि तो लावून घेतलाय. लेकीचं म्हणणं, माळ्यावर जायचंच कशाला, लॅपटॉप खाली आणा. तो खाली आणलाय का, हे ती दर आठवड्याला ओसरीवर विचारते. खाली आणला तर वर चढायला कारण उरणार नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही. आता इथे वाचेल. वाचू दे.

माझ्या मागे हे कोण बघणार, हाही प्रश्न आहेच. एका दोनशे पानी वहीत सगळं लिहून ठेवलंय, पासवर्ड, नावाचं नूतनीकरण कुठल्या महिन्यात, राउटरचं काय. पहिल्या पानावर लिहिलंय, नको वाटलं तर बंद करा, माझी हरकत नाही. ओसरीवरचं तेवढं कागदावर छापून घ्या. वही स्वयंपाकघरातल्या फडताळात, हिंगाच्या डबीमागे आहे.

परवा ओसरीवर सूनबाईंनी येसराच्या आमटीचा विषय काढला. येसर हिचा हातखंडा. गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, खोबरं असं सगळं वेगवेगळं भाजून दळायचं. हिच्या हातची चव कुणालाच जमत नाही. प्रमाण तिने लेकीला लिहून पाठवलेलं होतं, ते त्या कोऱ्या झालेल्या फोनबरोबर गेलं. आता लेक आठवून आठवून लिहितेय आणि सूनबाई दुरुस्त करतेय. काल रात्री साडेअकरापर्यंत चाललं होतं. बाकी सगळं ठरलंय. धणे अर्धी वाटी की पाऊण, यावर मात्र दोघींचं एकमत झालेलं नाही. मला विचारलं. मी अर्धी म्हणालो, तर दोघींनी मिळून सांगितलं, अण्णा, तुम्ही फक्त खायचात.